एक डोळा झाकून वाचलेला कागद

कुंकू वहिनींच्या बाहीला लागलं.

लावायचं होतं मशीनला. माझ्या मशीनला. दसऱ्याचा दिवस. कारखान्याचा गाळा धुऊन काढलेला, सगळ्या प्रेसना झेंडूच्या माळा. आमच्याकडे रीत अशी, की जिची मशीन तिनेच तिला हळदकुंकू लावायचं. मालकांची बायको, त्यांना आम्ही वहिनी म्हणायचो, ताट घेऊन एकेका मशीनपाशी यायची. माझी पाळी आली. मी बोट कुंकवात बुडवलं. समोर प्रेस. आणि तिच्या अंगावर चढलेली, जरा तिरकी, आणखी एक प्रेस. दोघींच्या गळ्यात माळ. यातली खरी कुठली? अंदाजाने हात पुढे केला. बोट मऊ कापडावर टेकलं.

मोतिया रेशमी ब्लाउज. त्यावर लालभडक बोट.

"अगं ए! डोळे फुटले का तुझे?"

मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी मान उजव्या खांद्याकडे वाकडी करून उभी होते, कारण तशी केली की दोन प्रेस जरा जवळ यायच्या. वहिनींनी ताट मागे ओढलं.

"शी! हिचे डोळे बघा कुठे चाललेत. हिला कोणी उभं केलं पूजेत? अपशकुन नुसता. मागे हो. हो मागे!"

मालक तिथेच होते. पाहुण्यांना पेढे देत होते. बोलला तो आमचा सुपरवायझर, दिनूभाऊ.

"वहिनी, मनावर घेऊ नका. हिचा एक डोळा आगाशीला असतो आणि एक चांदीपला. मधलं विरार हिला दिसतच नाही."

सगळा गाळा हसला. चौदा बायका, चार पुरुष, मालक, मालकांचे पाहुणे. आणि आता लाज सोडून सांगते, मीपण हसले. आपल्यावर हसणाऱ्यांत आपणच सामील झालं की कमी लागतं, असं वाटतं. खोटं आहे ते. जास्त लागतं.

माझ्या प्रेसला कुंकू वहिनींनी लावलं. मी पाण्याच्या पिंपापाशी उभी राहिले. हातावर ठेवलेला पेढा मुठीत चुरला गेला. त्या वर्षी मी बावीस वर्षांची होते.

माझे डोळे जन्मापासून असे नव्हते. ते त्या गाळ्याने केले होते. आणि हे त्या हसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं.

आम्ही मूळचे चांदीपचे. बाप दुसऱ्याच्या शेतात भात लावता लावता गेला, तेव्हा मी नववीत होते. तरी दहावी केली. आमच्या आळीत दहावी झालेली पहिली मुलगी मी. कुणाचं पत्र आलं, कुणाला सरकारी कागद आला, की मला हाक. याचा मला माज होता. असू दे, होता. गरिबाच्या पोरीकडे माज करायला दुसरं असतं काय?

मग मी आणि आई फुलपाड्याला खोली घेऊन राहिलो आणि मी वसईला, पूर्वेच्या गाळ्यांत कामाला लागले. मलमाच्या डब्यांची पत्र्याची झाकणं बनवायचे तिथे. पॉवर प्रेसवर. डाव्या हाताने पत्र्याची पट्टी आत सरकवायची, प्रेस खाली येते, ठाक्, झाकण पडतं. पुन्हा सरकवायची. ठाक्. दिवसभर.

त्या प्रेसला दोन बटणं होती. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची. बनवणाऱ्याने डोकं लावलं होतं. दोन्ही हात बटणांवर असतील तर बोट आत राहीलच कसं? पण त्यात वेळ जातो. म्हणून दिनूभाऊने युक्ती काढली होती. रोज सकाळी आल्या आल्या तो आमच्या हातात सायकलच्या ट्यूबचा एकेक तुकडा द्यायचा. तो आम्ही डावीकडच्या बटणावर करकचून बांधायचा. म्हणजे ते बटण दिवसभर दाबलेलंच. मग उजवा हात एका बटणावर आणि डावा हात मोकळा. मोकळा म्हणजे प्रेसच्या तोंडात.

ही ट्यूब आम्हीच बांधायचो. आमच्याच हातांनी. कुणी बंदूक रोखली नव्हती. संध्याकाळी सोडून दिनूभाऊला परत द्यायची. दसऱ्याला मात्र ती कधी बांधलेली नसायची. देवासमोर मशीन कशी स्वच्छ हवी!

माझ्याआधी त्या प्रेसवर सुनंदा होती. तिची दोन बोटं गेली. मी लागले तेव्हा मला सांगितलं, ती घरी विळीवर पडली. मी मानलं. पॅकिंगच्या टेबलावर फिलोमिना बसायची, वसईतल्या गावातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. ती तेव्हा काही बोलली नाही. नुसती म्हणाली, "बाय, बांगड्या काढून बसत जा." मी कुठे ऐकते? आईने घातलेल्या हिरव्या बांगड्या. काढल्या नाहीत.

श्रावणात ते झालं. प्रेसच्या वर पोटमाळा होता, त्यावर जुने डाय गोणपाटात बांधून ठेवलेले. डाय म्हणजे लोखंडाचा साचा. बारका असला तरी दोन्ही हातांनी उचलावा लागतो. खाली प्रेस दिवसभर हादरे देते, वर सामान रोज जरासं सरकतं. मी आठ दिवस आधी दिनूभाऊला सांगितलं होतं, वरून गंजाची भुकटी पडते डोक्यावर. तो म्हणाला, "पावडर लावायचा खर्च वाचला तुझा."

आवाज आठवत नाही. पत्र्याच्या पट्टीवर रक्ताचे थेंब पडताना दिसले आणि मला वाटलं, पट्टी खराब झाली, आता दिनूभाऊ ओरडणार. बघा, डोकं फुटलं होतं आणि मला काळजी पट्टीची.

मालकांनी स्वतःच्या गाडीतून नेलं. त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडे. सहा टाके. दोन रात्री तिथेच ठेवलं. निघताना मालक आले, सोबत दिनूभाऊ, हातात शहाळं. मालक मला बेटा म्हणाले. मी भारावले. काय मूर्ख असतो आपण! जन्मात कुणी गोड बोललेलं नसलं की एका शब्दावर जीव ओवाळून टाकतो. दिनूभाऊने एक कागद पुढे केला.

"सही कर इथं. दवाखान्याचं आहे. तू तर शिकलेली, वाचून घे हवं तर."

मी कागद हातात घेतला. आणि डोळ्यांजवळ धरला.

ओळींवर ओळी चढल्या होत्या. प्रत्येक अक्षराच्या अंगावर दुसरं अक्षर. खाली पाहिलं की आणखी फाकत होती. मला एक शब्द लागेना. बोलायला हवं होतं. दोनच शब्द होते, दिसत नाही. पण दिनूभाऊ म्हणाला होता ना, तू तर शिकलेली. आळीतली पहिली दहावी. मला वाचता येत नाही, हे माझ्या तोंडून निघेना. मी कागदावरून डोळे फिरवले, वरून खाली, अगदी वाचल्यासारखे. मान हलवली. सही केली.

सही झाली तसे दोघेही उठले. शहाळं दिनूभाऊ परत घेऊन गेला.

घरी आले तर जिन्याची प्रत्येक पायरी दोनदा. खोट्या पायरीवर पाय टाकला आणि गुडघा फुटला. तांब्यातून पेल्यात पाणी ओतावं तर पेल्याशेजारी. विळीवर मासळी घ्यायची मला भीती वाटू लागली. समोर लांब पाहिलं तर ठीक असायचं, जवळ आणि खाली पाहिलं की सगळं दुहेरी. संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकायचं की उलटी व्हायची. शेजारीण आईला म्हणाली, पोरगी काही घेते काय, पाय लटपटतात तिचे.

आई माझी हनुवटी धरून बघत बसायची.

"पोरी, तुजे डोले असे का गं दिसतान?"

तिने मीठमोहरी उतरवली. तीनदा उतरवली. मोहरी तडतडली, माझे डोळे तसेच.

डोळ्यांचं गुपित मला एका सुईने सांगितलं. ब्लाउजचं बटण लावायला बसले होते. समोर दोन सुया. कोणत्याही सुईत दोरा जाईना. रागाने मी डावा डोळा हाताने झाकला. एकच सुई राहिली. मग तो उघडून उजवा झाकला. तरी एकच. दोन्ही उघडले, दोन. मी असं वीस वेळा केलं असेल. म्हणजे डोळे दोन्ही चांगले होते. ते एकमेकांबरोबर चालत नव्हते. मी त्या संध्याकाळी डाव्या डोळ्यावर ओढणी बांधली आणि मासळी कापली. एक तुकडा वाकडा गेला नाही.

गणपती झाल्यावर कामावर गेले. ओढणी डोळ्यावरून तिरकी बांधायची आणि प्रेस चालवायची. एका डोळ्याने खोलीचा अंदाज चुकतो, बोट नक्की कुठवर गेलं ते कळत नाही, म्हणून सावकाश चालवायची. दिनूभाऊ कुरकुरायचा, पण चाललं होतं. दसऱ्याच्या दिवशी तेवढी मी ओढणी बांधली नाही. सणाला काणीसारखं कशाला उभं राहायचं, असं मलाच वाटलं. मग पुढचं तुम्हाला सांगितलंच.

दसऱ्यानंतर दिनूभाऊचा हुकूम आला. "ओढणीबिढणी बंद. वहिनींनी सांगितलंय. गिऱ्हाईक गाळा बघायला येतं, त्याला काय सर्कस दाखवायची?"

मी म्हटलं, "भाऊ, मला दोन दिसतात. डाय पडला तेव्हापासून."

"कुठला डाय?"

त्याने इतक्या थंडपणे विचारलं की मला क्षणभर खरंच वाटलं, पडलाच नसेल.

मालक मात्र म्हणाले, डोळे तपासून घेऊ, कुणाला बोलायला जागा नको. कुठल्याशा मंडळाचं मोफत नेत्रशिबिर होतं वसईत. दिनूभाऊ सोबत आला. तरुण डॉक्टर, समोर लांब भिंतीवर अक्षरांचा तक्ता. डॉक्टर म्हणाला, डावा डोळा झाका, वाचा. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. उजवा झाका, वाचा. वाचलं.

"नजर एकदम चांगली आहे. पुढे कोण?"

मी म्हटलं, "डॉक्टर, दोन्ही उघडे ठेवून बघा ना. जवळचं दाखवा. दोन्ही उघडले की दोन दिसतं."

मागे रांग होती. डॉक्टरने वर पाहिलंसुद्धा नाही. "टेन्शन घेता तुम्ही. झोप नीट घ्या." आणि कागदावर लिहिलं, दृष्टी निर्दोष.

दिनूभाऊ वाटभर हसत होता. "सोंगाडी आहेस. पॅकिंगला बसायचंय म्हणून सोंग." तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, तसं.

दुसऱ्या दिवशी प्रेसवर. ओढणीशिवाय. मी ट्यूब बांधली. बांधली, हो. घरी आईचा दमा होता, खोलीचं भाडं होतं, आणि दिनूभाऊच्या खिशात कागद होता की माझी नजर निर्दोष आहे. माणूस हळूहळू आपल्याविरुद्धच्या कागदावर विश्वास ठेवायला लागतो. मला वाटायला लागलं, मी खरंच सोंग करत असेन.

असे बारा-तेरा दिवस गेले. मला दोन डावे हात दिसायचे. एक पट्टीवर, एक पट्टीच्या वर हवेत. मी खालच्याला खरा धरायचे. कधी दुपारनंतर डोळे दमले की ते जागा बदलायचे. प्रत्येक ठाक् ऐकला की मी मनात बोटं मोजायचे. पाच आहेत. ठाक्. पाच आहेत. फिलोमिना टेबलावरून माझ्याकडे बघायची आणि छातीवर क्रूस करायची. घरी गेल्यावर आई विचारायची, "हात का गं कापतान तुजे?" मी म्हणायचे, थंडी.

दिवाळीला आठ दिवस होते. जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ. पट्टी अडकली, मी ती बोटाने ढकलली, हात बाहेर काढला. मला दिसलं की हात बाहेर आहे. स्वच्छ दिसलं. मी बटण दाबलं.

ठाक् नाही झालं. चुरचुर झालं.

हिरवी काच उडाली. माझ्या तोंडावर, ओढणीवर, पत्र्यावर. प्रेस वर गेली. मी ज्या हाताकडे बघत होते तो हात नव्हताच. खरा हात मनगटापर्यंत आत होता. बांगडी डायच्या कडेला अडकून वर उभी राहिली, फुटली, आणि ती फुटताना बसलेल्या हिसक्याने हात मागे आला. मनगटावर एक चीर, तिच्यातून रक्त. बोटं पाच.

मी तिथेच खाली बसले. कुणी प्रेस बंद केली माहीत नाही. फिलोमिनाने मला उचललं, बाथरूममध्ये नेलं, नळाखाली हात धरला, आणि पहिल्यांदा खरं बोलली.

"सुनंदाचं पण असंच झालं होतं. याच प्रेसवर. विळी नाही आणि काही नाही."

"मग विळी कोणी सांगितली?"

"तिनेच. सही केलीय तिने, घरी विळीवर पडले म्हणून. तू केलीस ना? तुझ्या कागदात काय लिहिलंय, वाचलंस काय?"

मी मान हलवली. नाही.

"घरी मोरीत पाय घसरून पडले, असं लिहिलंय. दिनूभाऊने मला साक्षीदार केलंय. मी पण सही केलीय, बाय. पोरं आहेत माझी. देव मला माफ करो."

नळ चालू होता. मला वाटत होतं ते पाणी माझ्या डोक्यात पडतंय. म्हणजे या गाळ्यात कधी अपघात झालाच नव्हता. सगळे अपघात आमच्या घरी झाले होते. आमच्या विळ्यांवर, आमच्या मोऱ्यांत. आमची घरंच वाईट. आणि खाली आमच्याच सह्या. त्यातली माझी तर अशी की लाजेपायी, आपल्याला वाचता येतं हे दाखवण्यापायी केलेली. मला माझाच इतका राग आला की हाताची चीर दुखायची थांबली.

बाहेर आले तर माझ्या प्रेसपाशी मालक आणि दिनूभाऊ. दिनूभाऊने काचा झाडून टाकल्या होत्या. हातात कागद तयार. इतक्या लवकर! तो कागद आधीच लिहून ठेवलेला असणार. कधी लागेल याचीच वाट बघत होते ते. हे मला तेव्हा कळलं.

मालक म्हणाले, "बेटा, घाबरू नकोस. हातबित ठीक आहे ना? मग झालं. एवढी सही कर आणि कामाला लाग. दिवाळीची ऑर्डर आहे."

मी कागद घेतला. ओळींवर ओळी चढल्या, नेहमीसारख्या. दिनूभाऊ पेन पुढे करून उभा. मशीन चालू होत्या सगळ्या.

मी ओढणी घेतली आणि डाव्या डोळ्यावर बांधली. सावकाश. मागे नीट गाठ मारली.

"ए, ते काढ आधी," दिनूभाऊ म्हणाला.

मी वाचायला सुरुवात केली. मोठ्याने. शाळेत धडा वाचायचे तशी, शब्दाखाली बोट धरून.

"मी खाली सही करणार... लिहून देते की... माझी दृष्टी निर्दोष आहे... मशीनवरील सर्व सुरक्षा व्यवस्था चालू स्थितीत आहे... बांगड्या घालू नये अशी सूचना असताना... मी निष्काळजीपणाने..."

एकेक प्रेस थांबत गेली. कुणी सांगितलं नव्हतं. माझा आवाज ऐकू यायला लागला तशा बायका बटणावरचा हात काढत गेल्या. मी अडखळले की परत मागे जाऊन वाचत होते. घाई केली नाही. एवढा वेळ मी आयुष्यात कुणाचा घेतला नव्हता.

"... यापुढे मला काही इजा झाल्यास... मालक जबाबदार राहणार नाहीत."

"झालं वाचून?" मालक म्हणाले. आता बेटा नव्हतं. "कर सही."

"नाही."

"काय?"

"सही करणार नाही. आणि या प्रेसवर बसणार नाही. व्यवस्था चालू आहे म्हणता ना? ही बघा तुमची व्यवस्था."

मी वाकले, डावीकडच्या बटणावरची ट्यूब ओढून काढली. रक्ताचा हात होता, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा निघाली. ती मी मुठीत घट्ट धरली.

दिनूभाऊ धावून आला. "ती इकडे दे. कंपनीचा माल आहे तो."

त्याने माल म्हटलं. सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याला. दिवसभरात पहिल्यांदा मला हसू आलं आणि या वेळी ते माझं स्वतःचं होतं.

"बरोबर, भाऊ. तुमचाच आहे. सगळ्यांसमोर बोललात, बरं झालं."

त्याने हात वर उचलला. मारायला की घ्यायला, देव जाणे. फिलोमिना टेबलामागून उठली आणि मध्ये येऊन नुसती उभी राहिली. त्याचा हात खाली आला.

मालक शांतपणे म्हणाले, "चालती हो. या वसाहतीत एक गाळा तुला कामावर घेणार नाही. बघतोच मी."

त्यांनी शब्द पाळला. कुणीही घेतलं नाही.

आई रडली. "आपन गरीब मानसं. त्यांच्याशी भांडून कुठं जानार?" तिचं चुकलं नाही. ती आयुष्यभर कुठे जाऊ शकली नव्हती. मी तिला म्हटलं, आधी मुंबईला जाते, सरकारी दवाखान्यात. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत एका पिकल्या केसांच्या डॉक्टरबाईने माझ्यासमोर पेन्सिल धरली आणि म्हणाली, "दोन्ही डोळे उघडे ठेव. पेन्सिल खाली येईल, जवळ येईल. दोन झाल्या की सांग."

दोन्ही डोळे उघडे ठेव. हे वाक्य ऐकायला मला श्रावणापासून माघापर्यंत थांबावं लागलं. मी तिथे त्या स्टुलावर हमसून हमसून रडले. बाईंनी रडू दिलं. मग सांगितलं, डोक्याला मार बसला की डोळा फिरवणारी बारीक नस दुखावते, एकेक डोळा तपासून ते कळायचं नाही. त्यांनी ते कागदावर लिहून दिलं. तिरप्या काचेचा चष्मा दिला. जवळचं त्याने बरंच जुळतं. जिन्यावर अजूनही फसते. पूर्ण बरं होईल असं कुणी म्हणालं नाही.

तो कागद घेऊन कामगार कार्यालयात केस घालायला गेले. तिथल्या साहेबाने मालकांनी दिलेल्या कागदावरची माझी जुनी सही काढून दाखवली. "बाई, तुम्हीच लिहून दिलंय, घरी पडले. आता काय?" मी म्हटलं, माझी सही आहे, मजकूर माझा नाही. त्याने तपासणीची तारीख लावली. गाळ्याला आधी कळवून लावली. त्या दिवशी एकाही बटणावर ट्यूब नव्हती. सगळं व्यवस्थित, असा शेरा. मी केस सोडली नाही. मी गाळ्यातल्या बायकांच्या घरोघर फिरले. सुनंदाकडे गेले. तिने आधी दार लावून घेतलं. पाचव्या वेळी उघडलं.

आणि माझ्या प्रेसवर त्यांनी कुणाला बसवलं? फिलोमिनाला. मध्ये उभी राहिली होती ना.

पुढचा दसरा आला. मी सुनंदाला घेऊन गाळ्यावर गेले. दार उघडंच होतं, सणाचं कोण बंद करतं? धुतलेली फरशी, झेंडू, पाहुणे. वहिनी ताट घेऊन नेमक्या माझ्या जुन्या प्रेसपाशी. फिलोमिना बोट पुढे करून उभी. मला बघून तिचं बोट थांबलं.

दिनूभाऊ आडवा आला. "मागे हो. पूजा चाललीय."

"मागे होणार नाही. वर्षभर मागेच होते."

चष्मा काढला. डावा डोळा हाताने झाकला. पिशवीतून ट्यूब काढली, तीच, काळ्या रबरावर माझ्या रक्ताचा तपकिरी डाग असलेली, आणि प्रेसच्या डाव्या बटणावर ठेवली. वहिनींच्या ताटात बोट बुडवलं. त्यांनी ताट ओढायच्या आत. या वेळी बोट कुठेही चुकलं नाही. ट्यूबवर बरोब्बर मधोमध कुंकू लावलं.

"हिचीपण पूजा करा, वहिनी. उद्या सकाळपासून वर्षभर हीच चालवते तुमचा गाळा. सुनंदाची दोन बोटं हिनेच घेतली, आणि ती घरी पडली नव्हती."

कुणी हसलं नाही. सुनंदाने पदराखालचा हात बाहेर काढला आणि वर धरला. पाहुण्यांनी बघितला. मालक म्हणाले, पोलिसांना बोलावतो. मी म्हटलं, बोलवा, त्यांनाही वाचून दाखवते. ट्यूब उचलली आणि पिशवीत ठेवली, कारण ती पुरावा आहे, देव नाही.

निघताना फिलोमिनापाशी थांबले. तिचं कुंकवाचं बोट अजून तसंच हवेत होतं.

"उद्या त्याने तुकडा दिला तर बांधू नको. आणि कागद दिला तर मला बोलव. मी वाचल्याशिवाय सही करायची नाही."

तिने मान हलवली की नाही, मला नीट दिसलं नाही. दोन फिलोमिना होत्या, एक हलली असेल. केस अजून चालू आहे. तारीख लागली की मी जाते. नाही लागली तरी जाते. आणि दर दसऱ्याला, त्या गाळ्यात मशीनला कुंकू लावायची वेळ झाली, की मी ती ट्यूब घेऊन दारात उभी असणार. वहिनींनी कुठला ब्लाउज घालायचा ते त्यांनी ठरवावं.